लाल बॉक्स, पिवळा बोर्ड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुतण्या शिकायला लंडनला गेलाय, त्यानं लाल टेलिफोन बॉक्सपाशी उभं राहून फोटो पाठवला. सगळ्यांच्या खिशात मोबाइल असताना हे बॉक्स अजून ठेवलेत कामून? आणि लालच का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : काका, ज्यानं हा बॉक्स काढला त्या सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या आर्किटेक्टला लाल रंग नकोच होता. 1924 च्या स्पर्धेत त्याचं डिझाइन निवडलं गेलं, त्यानं बाहेरून चंदेरी आणि आतून हिरवट निळा रंग सुचवला होता, पण टेलिफोन तेव्हा तिकडं पोस्टाच्या ताब्यात, अन् पोस्टानं ठरवलं लाल. 1926 पासून लंडनमधे हे के-टू नावाचे बॉक्स बसायला लागले, अख्खे बिडाचे, एकेक टनाच्या वर वजनाचा.

आता तो फोटो झूम करून काचा मोजा. सहा ओळी आणि सगळ्या काचा सारख्या असल्या तर के-टू. आठ ओळी, मधली काच रुंद आणि बाजूच्या चिंचोळ्या असल्या तर तो 1936 चा के-सिक्स, हा राजा पाचव्या जॉर्जच्या राज्याला 25 वर्षं झाली त्या निमित्तानं काढलेला आणि देशभर गावागावात गेलेला. के-टूचा वरचा मुकुट पण नीट बघा, त्याला भोकं आहेत, आत हवा खेळती राहावी म्हणून. शोभा आणि काम एकाच जागी, मला तर हे फार आवडतं.

ठेवलेत कामून, तर लोकांनी भांडून ठेवलेत. 1984 ला ब्रिटिश टेलिकॉम ही तिकडची सरकारी टेलिफोन कंपनी खाजगी झाली आणि लगेच जुने बॉक्स काढून नवीन साधे बसवायचं ठरलं, तेव्हा गावोगाव ओरड झाली. 1986 पासून निवडक बॉक्सना जुन्या वास्तूंसारखं कायद्याचं संरक्षण मिळायला लागलं, आज असे दोन हजारांच्या वर आहेत. पण खरं काम केलं ते 2008 च्या योजनेनं. फोन काढून घेतलेला रिकामा बॉक्स एका पौंडात गावाच्या ताब्यात, पुढं त्याचं काय करायचं ते गावानं बघायचं. कुठं पुस्तकांची देवघेव सुरू झाली, कुठं हृदय बंद पडलं तर शॉक द्यायचं मशीन लावलं. असे हजारो बॉक्स गावांनी घेतले आणि रोज कामाला येतात म्हणून त्यांना रंगही वेळेवर लागतो.

प्रश्न : एसटी स्टँडजवळ आमच्या वडलांचं एसटीडी बूथ होतं. केबिन, पिवळा बोर्ड, मीटर सगळं गोडाऊनमधे पडलंय. भंगारवाला चकरा मारतोय, देऊन टाकू का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : दादा, हात जोडून सांगतो, देऊ नका. ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट बघायचे दिवस आपल्या आईवडलांनी काढलेत. 1984 मधे सी-डॉट ही टेलिफोनचं तंत्र बनवणारी सरकारी संस्था सुरू झाली, टेलिकॉम इंजिनिअर सॅम पित्रोदांनी जोर लावला आणि मग थेट परगावी फोन लावता येणाऱ्या बूथचे हे पिवळे बोर्ड गल्लोगल्ली दिसायला लागले, कितीतरी अपंग माणसांचं घर त्यावर चाललं. पुण्याला शिकायला गेलेल्या पोराशी बोलताना लाल आकडे पळणाऱ्या मीटरवर डोळा ठेवून घाईघाईनं "पैसे पोचले का" विचारणारे बाप आपल्याकडं घरोघरी होते, आणि त्या काळाचं जपून ठेवलेलं आपल्याकडं जवळपास काहीच नाही!

बोर्ड परत रंगवू नका, जुनी अक्षरं हीच त्याची किंमत. साध्या साबणाच्या पाण्यानं हलक्या हातानं पुसा, लगेच कोरडा करा. प्लायच्या केबिनला आधी वाळवी लागलीय का ते खालच्या कडेला टोकरून बघा, लागली असेल तर औषध मारा आणि केबिन विटांवर उचलून ठेवा म्हणजे ओल चढणार नाही. मीटर डायरेक्ट लाइटला जोडू नका, आधी इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला उघडून दाखवा. बिलाच्या पावत्या, दरांचा तक्ता, लायसन्सचा कागद सापडला तर एका फाइलमधे घाला, उन्हात ठेवू नका. आणि गोडाऊनमधे कोंडून ठेवण्यापेक्षा गावातल्या वाचनालयाला किंवा शाळेला विचारा, आत दोन फळ्या ठोकल्या की पोरांच्या पुस्तकांचं कपाट तयार.

प्रश्न : तिकडं सगळीकडं बॉक्स लालच आहेत का?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : नाही ताई. इंग्लंडमधल्या हल शहराची टेलिफोन सेवा नगरपालिकेची स्वतःची होती, तिथले बॉक्स क्रीम रंगाचे आणि वर मुकुट नाही. काही निसर्गरम्य गावांना लाल रंग डोळ्यात खुपला म्हणून तिथं राखाडी लावला.