गावातले कलादालन आणि भाड्याचा प्रश्न

प्रश्न : चिपळूणच्या बाजारपेठेत आम्हा काही मित्रांकडे एका जुन्या घराचा तळमजला रिकामा आहे. चिपळूण-सावर्डे परिसरात चित्रकलेचे शिक्षण घेतलेले तरुण पुष्कळ आहेत. परंतु प्रदर्शन भरवायचे तर त्यांना मुंबई-पुणे गाठावे लागते. येथे लहानसे कलादालन चालेल का? चित्रकारांकडून किती भाडे घ्यावे?

उत्तर : कलादालन चालेल आणि ते अवश्य सुरू करावे. भाडे मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईच्या जहांगीर कलादालनात चित्रकार पैसे भरून आणि वर्षानुवर्षे थांबून जागा मिळवतो, कारण १९५२ पासूनचे त्या वास्तूचे नाव आणि तेथे येणारा प्रेक्षक त्याला हवा असतो. तुमच्या दालनापाशी आज यांपैकी काहीच नसताना, चौकटी आणि वाहतुकीवर आधीच खर्च करून बसलेल्या तरुणाकडे जागेचे पैसे मागणे अन्यायाचे होईल. चित्र विकले गेले तरच किमतीतला हिस्सा घ्यावा. व्यापारी दालने बहुधा एक तृतीयांश ते निम्मी रक्कम ठेवून घेतात. तुम्ही पाचव्या हिश्श्यात भागवावे.

उरलेला खर्च विक्रीवर सोपवू नये. मद्रासच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९६६ मध्ये शहराबाहेर समुद्रकिनारी चोलामंडल हे कलाग्राम वसवले, ते बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू विकून मिळवलेल्या पैशांवर. पोटाची सोय अशी वेगळी झाल्यामुळे त्यांना गिऱ्हाइकाच्या आवडीकडे न पाहता चित्रे काढता आली, आणि मला त्या प्रयोगाचे सर्वांत मोठे मोल येथेच वाटते. तुम्हाला मुलांचे चित्रवर्ग, चित्रकारांनी केलेली शुभेच्छापत्रे आणि सभासदांची वार्षिक वर्गणी हे मार्ग मोकळे आहेत. सात जण एकत्र आल्यास संस्थेची रीतसर नोंदणीही करता येते, म्हणजे देणगी मागताना संकोच वाटत नाही.

जागेविषयी मला खरी काळजी वाटते. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. तळमजलाच वापरायचा असेल तर पावसाळ्याचे चार महिने तेथे एकही मूळ चित्र ठेवू नये. त्या काळात चित्रवर्ग घ्यावेत आणि प्रदर्शने दिवाळीनंतर भरवावीत. कोकणातल्या दमट हवेत कागदावरच्या जलरंगचित्रांना बुरशी लवकर धरते, म्हणून बाहेरच्या भिंतीवर ती टांगू नयेत, आणि आतल्या भिंतीवरही चौकटीमागे हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे.

प्रत्येक चित्रकाराशी लेखी करार करावा. चित्राची किंमत, नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची आणि विक्रीचे पैसे किती दिवसांत द्यायचे, एवढे त्यात स्वच्छ लिहिलेले असावे. चित्र विकत घेतल्याने त्याचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट), म्हणजे त्याच्या प्रती छापण्याचा हक्क, खरेदीदाराकडे जात नाही. दिनदर्शिकेवर ते छापायचे असल्यास चित्रकाराची वेगळी परवानगी लागते, ही गोष्ट विक्रीच्या पावतीवरच छापून घ्यावी, कारण नवख्या चित्रकाराला ती पुष्कळदा माहीत नसते आणि खरेदीदारालाही नसते.