नोकरी सांभाळून घरबसल्या बौद्ध अध्ययनात एम.ए. करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. झालंय, नाशिकला नोकरी आहे, पाली (जुन्या बौद्ध ग्रंथांची भाषा) अजिबात येत नाही, आणि बौद्ध अध्ययनात ऑनलाइन एम.ए. करायचंय. परदेशी विद्यापीठ चालेल का, आणि आठवड्याला किती वेळ काढावा लागेल?

करता येतं. शाखेची आडकाठी सहसा नसते, कुठलीही पदवी चालते. पण पदवी कशासाठी हवी हे आधी ठरवा, कारण विद्यापीठाची निवड त्यावरच ठरते. लोक बहुधा उलट करतात. जाहिरात बघून प्रवेश घेतात आणि दोन वर्षांनी विचारतात, 'हिच्यावर नेट देता येईल का?'

प्राध्यापकी, नेट-सेट किंवा पीएच.डी. डोक्यात असेल तर भारतीय विद्यापीठच घ्या. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर मान्यतेची यादी असते. तिच्यात विद्यापीठाचं नाव सापडलं की लोक निश्चिंत होतात, तिथेच फसगत होते. मान्यता विषयवार आणि सत्रवार असते. 'मुक्त व दूरस्थ' आणि 'ऑनलाइन' हे तिथे दोन वेगळे प्रकार आहेत. तुमचा विषय, तुमचं सत्र आणि तुमचा प्रकार, तिन्ही जुळले तरच पैसे भरा. प्रवेशासाठी डीईबी-आयडीही काढावा लागतो. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, त्यामुळे तिला कमी समजायचं कारण नाही. नेटसाठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. विषयाचं नाव 'बौद्ध, जैन, गांधीवादी आणि शांतता अध्ययन', संकेतांक ६०. पाली हा त्याहून वेगळा विषय आहे. पुढची पीएच.डी. मात्र दूरशिक्षणातून होत नाही.

परदेशी ऑनलाइन पदवीला भारतात आपोआप समकक्षता मिळेल असं धरून चालू नका. प्रत्यक्ष हजेरीने घेतलेलं शिक्षण ही समकक्षतेतली जुनी, कळीची अट आहे. अर्ज करण्याआधीच यूजीसीकडे (२०२५च्या नियमांआधी हे काम भारतीय विद्यापीठ संघ बघायचा) लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवा. विद्यापीठाच्या प्रवेश विभागातला माणूस फोनवर 'होऊन जाईल' म्हणतो, त्याला काही अर्थ नाही.

पदवीच्या शिक्क्यापेक्षा शिकणं महत्त्वाचं असेल, तर परदेशी अभ्यासक्रम चांगले असतात, विशेषतः ब्रिटिश पद्धतीचे. या विषयात ऑनलाइन एम.ए.ची तिथे जुनी परंपरा आहे. संडरलँड विद्यापीठात पीटर हार्वे यांनी उभा केलेला अभ्यासक्रम त्यातला नावाजलेला होता. मात्र असे अभ्यासक्रम एक-दोन प्राध्यापकांच्या खांद्यावर उभे असतात. ते निवृत्त झाले की दार बंद. म्हणून माहितीपुस्तिकेत विषयांची यादी वाचण्याआधी शिकवणारे कोण, त्यातले पूर्णवेळ किती, आणि तुमच्या प्रबंधाला मार्गदर्शन कोण करू शकेल, हे विचारा.

आता वेळ. ब्रिटिश एम.ए. १८० क्रेडिटची, एका क्रेडिटला १० तास, म्हणजे १८०० तास. तीन वर्षांत अर्धवेळ केली तर वर्षाला ६००, आठवड्याला साधारण साडेअकरा तास. भारतात दोन वर्षांची ८० क्रेडिटची एम.ए. धरली आणि दूरशिक्षणात एका क्रेडिटला ३० तास, तर २४०० तास होतात, आठवड्याला तेवीस-चोवीस. नोकरीवाल्याला हे दोन वर्षांत झेपत नाही, उगाच फुशारकी नको. जादा मुदत किती मिळते ते आधी बघा आणि पहिल्यापासून तीन-चार वर्षांचाच हिशोब मांडा. ब्रिटनच्या संध्याकाळी सहाचं थेट चर्चासत्र आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला असतं, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवा. इंग्रजीची परीक्षा लागते, आयईएलटीएसचे बहुधा ६.५, पदवी इंग्रजी माध्यमातून असेल तर कधी कधी सूट मिळते, मागून बघा.

पालीची भीती मात्र काढून टाका. बऱ्याच अभ्यासक्रमांत ती सक्तीची नसते, तरी शिकाच. मराठी माणसाला ती इंग्रजापेक्षा निम्म्या कष्टात येते. हत्थ म्हणजे हात, भत्त म्हणजे भात, कम्म म्हणजे काम, अग्गि म्हणजे आग. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर विभक्त्या ओळखीच्या वाटतात, आणि पालीत द्विवचन नाही, तेवढा ताप वाचतो. वॉर्डर यांच्या पाठ्यपुस्तकात तीस धडे आहेत. आठवड्याला एक धरला तर सात महिन्यांत सोपी सुत्तं, म्हणजे बुद्धांची प्रवचनं, कोशाच्या आधाराने वाचता येतात. एम.ए. सुरू व्हायच्या आधी निदान दहा धडे उरका. एकदा निबंधांच्या तारखा लागल्या की भाषा मागे पडते.

या ओळखीतच खरा धोका आहे. मराठी विद्यार्थ्याचे निबंध इथेच घसरतात. पंचस्कंधांचे, म्हणजे माणूस ज्या पाच घटकांचा बनलेला मानतात त्यांचे शब्द बघा: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. पाचही आपण रोज वापरतो, त्यामुळे कोश उघडायची गरजच वाटत नाही. मराठीत वेदना म्हणजे कळ. पालीत वेदना तीन: सुखद, दुःखद आणि ना सुखद ना दुःखद, 'सुखा वेदना' हा तिथे अगदी साधा शब्दप्रयोग आहे. आपली संज्ञा म्हणजे पारिभाषिक नाव, तिथली सञ्ञा म्हणजे एखादी गोष्ट 'ही निळी' अशी खुणेने ओळखणं. विञ्ञाण म्हणजे सायन्स नव्हे, जाणीव. सङ्खार म्हणजे मुंज-लग्नासारखे संस्कारही नव्हेत आणि 'आईवडिलांचे चांगले संस्कार'ही नव्हेत, तर कृती घडवणाऱ्या मनाच्या प्रवृत्ती. अंगुत्तरनिकाय या सुत्तसंग्रहात (६.६३) 'चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि' असं वचन आहे. इथे चेतना म्हणजे हेतू, इरादा. मराठी अर्थ घेऊन 'चैतन्य म्हणजेच कर्म' असं कुणी लिहिलं की त्या पानापुढचं सगळं वाया. पहिल्या दिवसापासून एक वही करा: डावीकडे पाली शब्द, मध्ये त्याचा मराठीतला अर्थ, उजवीकडे कोशातला. दोन्ही अर्थ जुळतात अशा ओळी किती कमी निघतात ते बघाच.

निबंधाकडून नेमकी अपेक्षा काय असते, हे धम्मपदाच्या पहिल्याच गाथेवर दाखवतो. 'मनोपुब्बङ्गमा धम्मा, मनोसेट्ठा मनोमया.' नापास होणारा निबंध म्हणतो की बुद्धांनी मनाला श्रेष्ठ मानलं, आणि मग चार पानं मनाची महती गातो. पास होणारा निबंध आधी विचारतो की 'धम्मा' हे अनेकवचन आहे, मग ते 'धर्म' कसं होईल? इथे ते मनातल्या घडामोडींना उद्देशून आहे का? अट्ठकथा, म्हणजे त्यावरची जुनी पाली टीका, काय म्हणते? उत्तम निबंध आणखी एक गोष्ट करतो: समांतर पाठ काढतो, म्हणजे तीच गाथा दुसऱ्या भाषांतल्या ग्रंथांत कशी आलीय ते बघतो. संस्कृत उदानवर्गात (३१.२३) शेवटचा शब्द 'मनोजवाः' आहे, आणि खोतानजवळ १८९२ मध्ये मिळालेल्या भूर्जपत्रांवरच्या गांधारी (वायव्येकडची जुनी प्राकृत) धर्मपदातही 'मनोजव'च आहे. म्हणजे पालीत 'मनाने घडलेल्या', इतरत्र 'मनाच्या वेगाच्या'. दोन्हींत जुना पाठ कोणता? 'मनोमया'वर उभारलेलं तत्त्वज्ञान 'मनोजवा'वर टिकतं का? एका शब्दावर चार हजार शब्दांचा निबंध आरामात उभा राहतो. परीक्षकाला हेच हवं असतं. श्रद्धेला त्याची हरकत नसते, पण श्रद्धेला गुण नसतात.

साधनं बहुतेक फुकट आहेत. समांतर पाठ शोधायला सुत्तसेंट्रल, कोशाला डिजिटल पाली डिक्शनरी, संस्कृत ग्रंथांना ग्योटिंगेनचं ग्रेटिल, तिबेटी कांग्यूर या बुद्धवचनांच्या संग्रहाच्या भाषांतरांना '८४०००' हे संकेतस्थळ. देवनागरीत संपूर्ण तिपिटक (पाली बौद्ध ग्रंथांचा संग्रह) आणि अट्ठकथा हव्या असतील तर इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाची आवृत्ती, तुमच्या घरापासून तासाभरावरची. तिच्यात शोधताना एक गंमत होते. तुम्ही 'संघ' किंवा 'संबुद्ध' टाइप करता आणि काहीच सापडत नाही, कारण तिथे अनुस्वाराऐवजी परसवर्ण आहे: 'सङ्घ', 'सम्बुद्ध'. रोमन लिपीतही तोच घोळ आहे. कुणी एमच्या वर टिंब देतं, कुणी खाली, आणि शोधयंत्राला ती दोन वेगळी अक्षरं दिसतात. 'हा शब्द तिपिटकात नाही' असं लिहिण्याआधी सगळे प्रकार टाकून बघा.

संदर्भ देण्याच्या पद्धतीही दोन आहेत. महापरिनिब्बानसुत्त म्हणजे दीघनिकायातलं सोळावं सुत्त, ही झाली एक. पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीत दुसरा खंड, पान ७२ पासून, ही दुसरी. विद्यापीठाला कोणती हवी ते विचारा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. भाषांतरांचंही तसंच: एका परिच्छेदात एकाचं आणि पुढच्यात दुसऱ्याचं घेतलं की 'दुक्ख'ला दोन वेगळे इंग्रजी शब्द येतात आणि तुमचा युक्तिवाद आपोआप फाटतो.

प्रबंध शेवटी असतो, ब्रिटिश पद्धतीत साधारण ६० क्रेडिटचा, बारा ते पंधरा हजार शब्द. 'बौद्ध धर्म आणि पर्यावरण' असले विषय घेऊ नका, त्यात माणूस बुडतो. तुम्ही नाशिकचे आहात. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, तिचा नातू राजा पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, आणि ते लेणं भद्रायणीय पंथाच्या भिक्षूंना दिल्याचं त्यात म्हटलंय. याच पंथाचं नाव कान्हेरीलाही येतं. सेनार यांनी नाशिकचे लेख एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडात छापलेत, ल्यूडर्स यांची ब्राह्मी लेखांची यादी १९१२ची आहे, दोन्ही जालावर मिळतात. 'पश्चिम महाराष्ट्रातल्या लेखांमधले भद्रायणीय' हा विषय पंधरा हजार शब्दांत मावतो, आणि कार्डिफच्या विद्यार्थ्याला सुट्टी काढून यावं लागेल तिथे तुम्ही रविवारी सकाळी जाऊन येता. आजच्या बौद्ध समाजावर, १९५६ नंतरच्या धम्मचळवळीवर लिहायचं असेल तर तोही उत्तम विषय आहे. फक्त मुलाखती घेण्याआधी विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. परवानगीआधी घेतलेल्या मुलाखती वापरता येत नाहीत, आणि परवानगी मिळण्यात महिना-दोन महिने सहज जातात.

पैसे भरण्याआधी आठ आठवड्यांची एक चाचणी स्वतःवर घ्या. रोज दीड तास. हार्वे किंवा गेथिन यांचं एक प्रास्ताविक पुस्तक पूर्ण, धम्मचक्कप्पवत्तनसुत्त (संयुत्त ५६.११) दोन वेगळ्या भाषांतरांत ओळीला ओळ लावून, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत त्यातल्या एकाच शब्दावर दीड हजार शब्दांचा इंग्रजी निबंध, तळटीपांसकट. आठातले सहा आठवडे सलग जमले तर प्रवेश घ्या. नाही जमले तर आधी सहा महिने नुसती पाली करा. आणि तो निबंध फेकू नका. काही विद्यापीठं अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात, तिथे तोच दुरुस्त करून जोडता येतो.