वैमानिकांचे जेवण आधी का?

प्रश्न : मी विमानात केबिन कर्मचारी आहे. जेवण आधी कॅप्टननी निवडायचे आणि उरलेले आम्ही गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या खायचे, हा नियम आहे की नुसता मान?

उत्तर : थोडा नियम, बाकी मानच. दोन्ही वैमानिकांनी एकच पदार्थ खाऊ नये, अशी पद्धत अनेक कंपन्यांत असते, कारण अन्नातून विषबाधा झालीच तर निदान एकजण तरी धडधाकट हवा. ही भीती पोकळ नाही. १९७५ मध्ये अँकरेजहून कोपनहेगनला चाललेल्या विमानात हॅम-ऑम्लेटमुळे १९७ जण आजारी पडले होते आणि वैमानिकांनी ते खाल्ले नव्हते, हे नशीबच. मात्र ही पद्धत दोघांची ताटे वेगळी असावीत एवढेच सांगते; त्यांनी तुमच्याआधी निवडावे, असे त्यात कुठेच नाही.

वैमानिकांना जागा सोडून येता येत नाही, म्हणून ट्रे आत पोचवावाच लागतो. पण ऐन प्रवाशांच्या वाढपात कॉकपिटमधून फोन वाजला की खटका उडतो. उड्डाणापूर्वीच्या ब्रीफिंगमध्येच कोण काय आणि कधी खाणार हे विचारून घ्यावे आणि फॉइलच्या झाकणांवर पेनाने नावे लिहून ठेवावीत. जेवणेच कमी चढवली गेली असतील, तर ती तक्रार कॅप्टनकडे नव्हे, केटरिंगकडे लेखी जायला हवी.