ओठावरची पुळी आणि नवजात बाळाचा मेंदू

प्रश्न : बारशाला आलेल्या माझ्या नणंदेच्या ओठावर तापाची पुळी होती आणि तिने बाळाचे मुके घेतले. बाळ आता 16 दिवसांचे आहे. त्याच्या अंगावर काही उठलेले नाही, दूधही नीट पिते. मेंदूज्वराविषयी वाचल्यापासून मात्र झोप उडाली आहे. काय करावे? – एक आई, सांगली

उत्तर : ओठाच्या कडेला येणारी ही पाणीदार पुळी ‘उष्णतेची’ नसून बहुधा हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूची असते. हा विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत वर्षानुवर्षे दडून राहतो आणि ताप किंवा थकवा आला की पुन्हा डोके वर काढतो. मोठ्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही. पण पहिल्या काही आठवड्यांत बाळाची प्रतिकारशक्ती अपुरी असल्याने तो क्वचित मेंदूपर्यंत पोहोचतो. असे फार थोड्या बाळांच्या बाबतीत घडते, आणि बहुतेकांना ही लागण मुक्यातून नव्हे, तर प्रसूतीच्या वेळी होते.

तरीही अंगावर पुळ्या नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये, कारण मेंदूला लागण झालेल्या अनेक बाळांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही. आजच बालरोगतज्ज्ञांना हा संपर्क सांगून बाळ दाखवून घ्या. बाळ सहा आठवड्यांचे होईपर्यंत त्याने दूध ओढणे कमी केले, ते उठवूनही उठेना, अंग तापले किंवा गार पडले, एखादा हात किंवा पाय लयीत झटके देऊ लागला, तर रात्र असली तरी नवजात अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठा.

तेथे डॉक्टर कमरेतून पाणी काढून तपासायला सांगतील. ‘त्याने मूल लुळे पडते’ या भीतीपोटी घरची मंडळी नकार देतात आणि नेमका तेव्हाच मोलाचा वेळ जातो. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खालच्या जागी घालतात. त्यामुळे ही भीती निराधार आहे. अहवालाची वाट न पाहता अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध शिरेतून सुरू करतात. मेंदूची लागण ठरल्यास ते किमान 21 दिवस आणि पुढे सहा महिने तोंडाने द्यावे लागते. उपचार जितके लवकर, तितकी मेंदूची हानी कमी.

अंगावरचे दूध चालू ठेवा. फक्त स्तनावरच पुळी आली, तर त्या बाजूने पाजू नका. नणंदेला दोष देऊ नका, बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसते. पण पुळी पूर्ण वाळेपर्यंत त्यांनी बाळाला दुरूनच पाहावे.