पायथनमध्ये असिंक फंक्शन लिहूनही फाइल वाचताना सगळं का अडकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पायथनमधल्या एका सर्व्हिसमध्ये तुम्ही 300 लॉग फाइल्स वाचता. वाचणारं फंक्शन 'असिंक डेफ'ने लिहिलंय, सगळे कॉल्स असिंकआयओच्या (एकाच थ्रेडवर अनेक कामं आलटून पालटून चालवणारं पायथनचं मॉड्यूल) गॅदरमध्ये (अनेक कामं एकत्र सुरू करणारं फंक्शन) घातलेत, तरी एकामागून एक वाचताना लागायचा तेवढाच वेळ लागतो. शिवाय तेवढा वेळ वेबसॉकेटची कनेक्शनं गप्प होतात. असं का होतं, आणि असिंकआयओमध्ये फाइल उघडायचं स्वतःचं फंक्शनच का नाही?

दुसरा भाग आधी घेते, कारण पहिल्याची गाठ तिथेच आहे. कोडच्या ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे, त्या तशाच वाचा.

लिनक्सवर असिंकआयओचा इव्हेंट लूप (पुढे कोणतं काम चालवायचं ते ठरवणारं चक्र) ईपोलवर चालतो, म्हणजे कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) सॉकेट्सवर लक्ष ठेवायच्या सोयीवर. लूप कर्नलला सतत एकच विचारत असतो: माझ्या या सॉकेट्सपैकी कुणाकडे काही आलंय का? सॉकेटच्या बाबतीत या विचारण्याला अर्थ आहे. पलीकडून बाइट्स आलेले नसतील तर सॉकेट तयार नाही, आले की तयार. डिस्कवरच्या साध्या फाइलला मात्र 'अजून तयार नाही' अशी अवस्थाच नाही. सिलेक्ट किंवा पोलला विचाराल तर ती कायम तयार. ईपोल तर तिला यादीतच घेत नाही. खात्री करायची असेल तर लूपच्या ॲड_रीडरला एखाद्या साध्या फाइलचा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) देऊन पाहा, लगेच परमिशनएरर येईल. हा एरर पहिल्यांदा आला की बहुतेक जण फाइलच्या परवानग्या तपासायला लागतात, मीही तपासल्या होत्या. परवानग्यांशी त्याचा काही संबंध नाही. या प्रकारच्या डिस्क्रिप्टरवर मी लक्ष ठेवू शकत नाही, एवढंच कर्नल सांगत असतं.

फाइल कायम तयार असते याचा अर्थ ती कायम लगेच मिळते असा नाही. हवं ते पान पेज कॅशमध्ये (वाचलेल्या फाइलींची कर्नलने मेमरीत ठेवलेली प्रत) असेल तर रीड मायक्रोसेकंदांत परत येतो. नसेल तर डिस्क उत्तर देईपर्यंत तो थ्रेड (प्रोसेसमधला कामाचा एक धागा) झोपतो, आणि ओ_नॉनब्लॉक लावून उघडलेल्या साध्या फाइललाही तेच लागू होतं. तुमचा इव्हेंट लूप त्याच थ्रेडवर आहे, म्हणून तोही झोपतो.

कर्नलकडे खरे असिंक मार्ग अजिबात नाहीत असं नाही. विंडोजवर ओव्हरलॅप्ड आयओ फार पूर्वीपासून आहे. लिनक्समध्ये 2019 साली 5.1 आवृत्तीत आयओ_यूरिंग आलं. पण पायथनसोबत येणारं असिंकआयओ यातलं काहीच फाइलींसाठी उघडून देत नाही. त्यामुळे व्यवहारात एकच रस्ता उरतो: वाचायचं काम दुसऱ्या थ्रेडकडे द्यायचं. एआयओफाइल्स ही लायब्ररी आतून हेच करते. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) एफएस.रीडफाइल असिंक दिसतो, तोही खाली लिबयूव्ही या लायब्ररीच्या थ्रेड पूलवरच (तयार ठेवलेल्या थ्रेडांच्या संचावर) चालतो, आणि त्या पूलमध्ये मुळात फक्त 4 थ्रेड असतात.

आता तुमचं गॅदर. 'असिंक डेफ' लिहिल्याने फंक्शन समांतर चालायला लागत नाही. लूपला दुसरीकडे जायची संधी मिळते ती फक्त अवेटपाशी, आणि तीही त्या अवेटला खरंच कशासाठी तरी थांबावं लागलं तरच. तुमच्या फंक्शनच्या आत साधं ओपन आहे, साधं रीड आहे, अवेट कुठेच नाही. म्हणजे पहिली फाइल पूर्ण वाचून होते, मग दुसरी, मग तिसरी. गॅदरने 300 टास्क रांगेत उभे केले, पण मधे कुणीच कुणाला वाट दिली नाही.

दुरुस्ती छोटी आहे. वाचणारं फंक्शन साधं, बिनअसिंक ठेवा: उघडा, वाचा, बंद करा, निकाल परत द्या. मग ते पूर्ण फंक्शन एकदम थ्रेडकडे सोपवा:

निकाल = अवेट असिंकआयओ.टू_थ्रेड(फाइल_वाच, पाथ)

टू_थ्रेड पायथन 3.9 पासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीत लूपचं रन_इन_एक्झिक्युटर वापरा, काम तेच होतं.

'पूर्ण फंक्शन एकदम' यावर माझा भर आहे, कारण इथे बरेच जण वेगळा रस्ता धरतात. एआयओफाइल्स घेऊन 'असिंक फॉर'ने ओळ ओळ वाचायची, हे दिसायला फार छान दिसतं. पण प्रत्येक ओळीमागे एक फेरी होते: लूपकडून थ्रेडकडे, थ्रेडकडून परत लूपकडे. एका फाइलमध्ये 10 लाख ओळी असतील तर 10 लाख फेऱ्या. साधं रीडलाइन बहुतेक वेळा बफरमधूनच ओळ उचलतं, डिस्कपर्यंत जातही नाही. म्हणजे जे काम जवळजवळ फुकट होतं त्यावर तुम्ही जाण्यायेण्याचा खर्च लादता. मी ओळीवार असिंक वाचन कधीच वापरत नाही. फाइल मेमरीत मावत असेल तर एका फेरीत पूर्ण, मावत नसेल तर काही एमबीचे तुकडे, प्रत्येक तुकड्याला एक फेरी.

यानंतर जे येतं ते मला फार उशिरा कळलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या एका सर्व्हिसमध्ये तुमच्यासारखंच होतं: उपकरणांची कनेक्शनं सतत उघडी, आणि मधूनमधून नेटवर्क ड्राइव्हवरच्या फाइल्स वाचायच्या. मी सगळं वाचन टू_थ्रेडवर नेलं. कनेक्शनं गप्प व्हायची थांबली आणि मला वाटलं, काम झालं. दोन दिवसांनी नवीन तक्रार आली: फाइल्स वाचत असताना बाहेरच्या एपीआयला जाणारे कॉल्स टाइमआउट होतात. लूप मोकळा होता, नेटवर्क ठीक होतं, समोरचा सर्व्हरही उत्तर देत होता.

उत्तर पूलमध्ये होतं. टू_थ्रेड लूपचा डिफॉल्ट पूल वापरतं. त्याचा आकार 32 किंवा 'कोअर अधिक 4' यांतला जो लहान तो; 8 कोअरच्या मशीनवर 12. आणि होस्टचं नाव आयपी पत्त्यात बदलण्यासाठी असिंकआयओ जे गेटअ‍ॅड्रइन्फो चालवतं, तेही ब्लॉक होणारं असल्याने याच पूलमध्ये जातं. नेटवर्क ड्राइव्ह मंदावला की 12 च्या 12 थ्रेड फाइलींपाशी अडकायचे, आणि नाव शोधायचं 2 मिलिसेकंदांचं काम त्यांच्या मागे रांगेत उभं राहायचं. कनेक्शन उघडायच्या आधीच टाइमआउट संपायचा.

म्हणून फाइलींसाठी वेगळा पूल करा:

फाइल_पूल = थ्रेडपूलएक्झिक्युटर(मॅक्स_वर्कर्स=8)
निकाल = अवेट लूप.रन_इन_एक्झिक्युटर(फाइल_पूल, फाइल_वाच, पाथ)

नोडमध्येही नेमका हाच सापळा आहे: तिथला डीएनएस.लुकअप त्याच 4 थ्रेडांच्या पूलमध्ये जातो.

आकड्याबद्दल. फिरत्या हार्ड डिस्कवर थ्रेड वाढवून फारसा फायदा होत नाही, उलट हेड इकडून तिकडे धावत राहिलं तर वेग घटतोच. चांगल्या एसएसडीला एकावेळी बऱ्याच मागण्या आवडतात. नेटवर्क ड्राइव्हवर सर्वाधिक फरक पडतो, कारण तिथला वेळ मुख्यतः वाट पाहण्यातच जातो. 8 ने सुरुवात करा, मोजा, मग वाढवा. पूल असल्याने एक गोष्ट आपोआप सांभाळली जाते: उघडणं, वाचणं आणि बंद करणं एकाच फंक्शनमध्ये असेल तर एकावेळी 8 च फाइल्स उघड्या राहतात. ओपन बाहेर आणि वाचन आत असं केलंत तर 300 डिस्क्रिप्टर एकदम उघडतील. बऱ्याच लिनक्स मशीनवर एका प्रोसेसची नेहमीची मर्यादा 1024 असते, आणि वेबसॉकेट्सही त्यातच मोजली जातात.

वाचून झाल्यावर तुम्ही जेसन पार्स करता, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. तिथे थ्रेड पुरणार नाही. फाइल वाचताना पायथन जीआयएल (एकावेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप) सोडून देतं, म्हणून लूप चालू राहतो. जेसन.लोड्स मात्र सीपीयूचं काम आहे आणि नेहमीच्या वापरात एक कॉल सुरू झाला की संपेपर्यंत जीआयएल धरून ठेवतो. 200 एमबीचा एकच मोठा जेसन थ्रेडमध्ये पार्स केलात तरी लूप तेवढा वेळ थांबलेलाच राहील. लॉगमध्ये प्रत्येक ओळ हा वेगळा जेसन असेल तर त्रास कमी, कारण दोन ओळींच्या मधे लूपला वेळ मिळतो. मोठा अखंड जेसन असेल तर प्रोसेसपूलएक्झिक्युटर घ्या आणि वाचन, पार्सिंग दोन्ही त्या प्रोसेसमध्येच करून फक्त हवा तेवढा निकाल परत आणा. पूर्ण ऑब्जेक्ट परत पाठवलात तर पिकल करण्यात (बाइट्समध्ये बदलण्यात) आणि उलगडण्यात वाचवलेला वेळ जाईल.

टाइमआउटबद्दलही सावध राहा. वेट_फॉरने टू_थ्रेडला 5 सेकंदांची मुदत दिली तर 5 सेकंदांनी तुमचं कोरूटीन (अवेटपाशी थांबलेलं असिंक फंक्शन) सुटतं, पण आतला थ्रेड सुटत नाही. तो वाचतच राहतो आणि पूलमधली जागा अडवून ठेवतो. प्रोग्रॅम बंद करायला गेलात की तोही त्याच थ्रेडसाठी थांबतो. म्हणून मोठी फाइल तुकड्यांत वाचायचा आणखी एक फायदा: दोन तुकड्यांच्या मधे थांबवता येतं.

लिहिण्याची बाजू तुम्ही विचारली नाहीत, पण लॉगचा विषय आहे म्हणून एवढंच: अनेक टास्कमधून एकाच फाइलमध्ये लिहू नका, क्रम बिघडतो. एक असिंकआयओ.क्यू ठेवा, तिच्यातून उचलून लिहिणारा एकच टास्क ठेवा, आणि जमलेल्या ओळी एकदम थ्रेडकडे द्या. साधा राइट बहुतेक वेळा मेमरीत कॉपी करून परत येतो, खरा वेळ एफसिंकला (डिस्कवर पक्कं लिहून घेणाऱ्या कॉलला) लागतो, तो चुकूनही लूपवर चालवू नका.

आता तुमच्याकडे नक्की कुठे अडतंय ते कसं पकडायचं. असिंकआयओ.रनला डीबग=ट्रू द्या. 100 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लूप धरून ठेवणारा प्रत्येक तुकडा लॉगमध्ये नावानिशी येतो. त्यासोबत मी एक छोटा टास्क चालवते: दर 0.1 सेकंदाला स्लीप, जागं झाल्यावर घड्याळ पाहायचं, आणि प्रत्यक्ष किती वेळ गेला त्यातला सर्वात मोठा आकडा जपून ठेवायचा. तो 0.1 च्या आसपास राहिला तर लूप मोकळा आहे. 3 किंवा 4 दिसला तर कुणीतरी त्याला धरून बसलंय.

मोजताना एक काळजी घ्या: त्याच फाइल्स लगेच दुसऱ्यांदा वाचल्या तर त्या पेज कॅशमधून येतात, आणि काहीही न सुधारता सगळं वेगवान झाल्यासारखं वाटतं. प्रत्येक चाचणीला आधी न वाचलेल्या फाइल्स घ्या, किंवा रूट असाल तर ड्रॉप_कॅशेस या सिस्टिम फाइलमध्ये 3 लिहून कॅश रिकामा करा.

आधी फक्त वाचणारं फंक्शन वेगळ्या पूलवर न्या, पार्सिंगला हात लावू नका, आणि तो सर्वात मोठा आकडा बघा. तो किती आला आणि फाइल्स त्याच मशीनच्या डिस्कवर आहेत की नेटवर्कवर, हे इथे खाली लिहा, मग पार्सिंगचं काय करायचं ते बघू.