हुकूमशहाच्या मनातला नकाशा : मुसोलिनी आणि इथिओपिया

युद्धात स्वतःच्या देशाचेही नुकसान होणार हे दिसत असताना हुकूमशहा दुसऱ्याच्या भूमीत सैन्य का घुसवतात, आणि त्यामागे खनिजे, सुपीक जमीन, बाजारपेठा असा आर्थिक हिशेबच असतो का, असे आपण विचारले आहे. हिशेब असतो, पण माझ्या मते तो दुय्यम असतो. असा नेता आधी गतवैभवाचा एक नकाशा मनाशी धरतो, त्या नकाशात न बसणाऱ्या वर्तमानाला अपमान समजतो, आणि तेथे राहणाऱ्या माणसांना स्वतःचा इतिहास आहे हे त्याच्या गावीही नसते. इटलीचा हुकूमशहा बेनितो मुसोलिनी याने १९३५ साली आफ्रिकेतील इथिओपियावर केलेली स्वारी मी उदाहरणादाखल घेतो, कारण तिच्यामागची वृत्ती अक्षरशः दगडात उमटलेली आहे.

रोममध्ये व्हेनेत्सिया चौकापासून कोलोसियमपर्यंत मुसोलिनीने जुनी वस्ती पाडून एक रुंद रस्ता काढला आणि त्याला 'साम्राज्याचा मार्ग' असे नाव दिले. त्या रस्त्यालगतच्या एका प्राचीन वास्तूच्या भिंतीवर १९३४ साली चार संगमरवरी नकाशे बसवण्यात आले. पहिल्या नकाशात रोम म्हणजे केवळ एक पांढरा ठिपका आहे. पुढच्या प्रत्येक नकाशात तो पांढरा रंग पसरत जातो आणि चौथ्यात, सम्राट ट्रेजनच्या काळी, भूमध्य समुद्राचा सगळा किनारा त्याने व्यापलेला दिसतो. जे रोमचे ते पांढरे, उरलेले काळे. काळ्या भागातही राज्ये होती, भाषा होत्या, देवळे होती, पण या नकाशांच्या लेखी तो फक्त अजून न जिंकलेला प्रदेश होता. स्वारीच्या आदल्या वर्षी हे नकाशे रोज हजारो नागरिकांच्या नजरेखालून जात होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता अपमानाची बाजू पाहू. १८८९ साली इटली आणि इथिओपियाचा सम्राट दुसरा मेनेलिक यांच्यात वुचाले येथे तह झाला. त्याच्या सतराव्या कलमाचे दोन मसुदे होते. अम्हारिक मसुद्यानुसार इथिओपियाला परराष्ट्र व्यवहारासाठी इटलीचे साहाय्य घेता येणार होते. इटालियन मसुद्यानुसार ते घेणे बंधनकारक होते. एका क्रियापदाच्या फरकावर इटलीने संरक्षित राज्याचा दावा सांगितला, मेनेलिकने तो धुडकावला, आणि १ मार्च १८९६ रोजी अडवा येथे इटालियन सैन्याचा दारुण पराभव झाला. वास्तविक आगळीक इटलीची होती. तरीही २ ऑक्टोबर १९३५ रोजी सज्जातून बोलताना मुसोलिनीने सांगितले की, इथिओपियाच्या बाबतीत आम्ही चाळीस वर्षे धीर धरला, आता पुरे. आक्रमकच स्वतःला सोशिक म्हणवून घेतो, ही या मनोवृत्तीची खूण आहे. दुसऱ्याच दिवशी युद्ध न पुकारता त्याच्या सैन्याने इथिओपियाच्या सीमेवरची मारेब नदी ओलांडली. जून २०२२ मध्ये व्लादिमीर पुतिन यांनी रशियाचा जुना सम्राट पीटर द ग्रेट याच्याविषयी बोलताना, त्याने स्वीडनकडून काही हिरावले नाही, तर परत मिळवले, असे म्हटले, तेव्हा मला हाच सूर ऐकू आला.

अशा युद्धात जनतेलाही भागीदार करून घेतले जाते. या स्वारीबद्दल राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्सने) इटलीवर आर्थिक निर्बंध लादल्यावर १८ डिसेंबर १९३५ रोजी इटलीत लग्नाच्या सोन्याच्या अंगठ्या देशाला अर्पण करण्याचा सोहळा झाला. रोममध्ये राणी एलेना हिने सर्वांत आधी अंगठी दिली. मागोमाग असंख्य स्त्रियांनी दिल्या आणि बदल्यात साध्या धातूच्या अंगठ्या बोटांत घातल्या. सौभाग्याचे लेणे उतरवून देणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ज्या बाईने ते दिले, तिला ते युद्ध चुकीचे होते असे मानणे पुढे किती जड गेले असेल! निर्बंधांच्या यादीत तेल मात्र नव्हते आणि सुएझ कालवाही खुलाच राहिला.

तिकडे इथिओपियाच्या डोंगराळ भागात विमानांतून मस्टर्ड वायूचा मारा चालू होता, आणि तोही विषारी वायूंवर बंदी घालणाऱ्या १९२५ च्या जिनिव्हा करारावर इटलीची सही असताना. सम्राट हैले सेलासी यांनी ३० जून १९३६ रोजी राष्ट्रसंघापुढे उभे राहून सांगितले की, नऊ, पंधरा, अठरा विमाने एकामागून एक येत आणि त्यांतून सुटणाऱ्या धुक्याची सलग चादर होई. माणसे, गुरे, नद्या, कुरणे काहीच त्यातून सुटत नसे. ते बोलायला उभे राहिले तेव्हा सभागृहातल्या इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून गोंधळ घातला. या वायूच्या वापराची अधिकृत कबुली इटलीने १९९६ साली दिली.

मुसोलिनीने ९ मे १९३६ रोजी साम्राज्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी रोममधल्या त्याच भिंतीवर या नव्या साम्राज्याचा पाचवा नकाशा चढला. ते साम्राज्य जेमतेम पाच वर्षे टिकले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या मार्चमध्ये, शेजारच्या इटालियन वसाहतीत, इरिट्रियात, केरनच्या लढाईत इटालियन फळी मोडणाऱ्या ब्रिटिशांच्या बाजूच्या भारतीय तुकड्यांमध्ये मराठा पलटणही होती. ५ मे रोजी हैले सेलासी अदिस अबाबात परतले. महायुद्धानंतर पाचवा नकाशा काढून टाकण्यात आला, चार अजून तेथेच आहेत. १९३७ साली इथिओपियातील अक्सुम या प्राचीन नगरातून लुटून रोमला नेलेला दगडी स्तंभ इटलीशी झालेल्या १९४७ च्या शांतता तहानुसार अठरा महिन्यांत परत द्यायचा होता. तो २००५ साली तीन तुकड्यांत परत गेला आणि २००८ साली अक्सुमला पुन्हा उभा राहिला.