खांदा सुजलाय तर डॉक्टर मानेचा एमआरआय का सांगतायत?

काकांचा खांदा सुजलाय, एक्सरेत हाडाचा वरचा गोळा झिजलेला दिसतोय, दुखत मात्र फारसं नाही, तरी मानेचा एमआरआय सांगितलाय, हा पैसे उकळायचा प्रकार आहे का, असं विचारलंय तुम्ही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझं मत विचाराल तर एमआरआय कराच. हाड एवढं गेलंय आणि माणूस आरामात हात हलवून दाखवतोय, पाणी मुरतंय ते इथेच.

सिरिंगोमायलिया नावाचा आजार असतो, त्यात मज्जारज्जूच्या मधोमध, बहुतेक वेळा मानेत, जिथून हाताच्या नसा निघतात तिथे, पाण्याची पोकळी तयार होते. दुखणं आणि गरम-गार कळवणारे तंतू नेमके तिथूनच पलीकडे जातात त्यामुळे आधी तेच खराब होतात, स्पर्श मात्र कळत राहतो, म्हणून पेशंटला वाटतं हात ठीक आहे. मग तो सिलेंडर उचलतो, पोती उचलतो, आत बारीक बारीक फ्रॅक्चर होत राहतात आणि थांब म्हणून सांगणारं दुखणंच नसतं, शेवटी सांध्याचा चुरा होतो. याला शार्को जॉइंट म्हणतात, पॅरिसचे न्यूरोलॉजिस्ट शार्को यांनी १८६८ मध्ये याचं वर्णन केलं, तेव्हा ते सिफिलिस या गुप्तरोगाच्या पेशंटमध्ये दिसायचं, गुडघे जास्त जायचे. आता जास्त करून डायबेटिसवाल्यांच्या पायात दिसतं, पण खांदा किंवा कोपर असं गेलं की आधी मानेकडे बघायचं.

काकांची बोटं नीट बघा, चहाच्या भांड्याने किंवा बिडीने भाजल्याचे जुने डाग आहेत का आणि ते कधी भाजलं हे त्यांना आठवतंय का. अंगठ्याजवळचं मांस बसलंय का तेही बघा. (चटका देऊन टेस्ट करू नका प्लीज, असे लोक असतात.)

इन्फेक्शन, टीबी, गाठ यातही हाड असंच खाल्लं जाऊ शकतं, त्यामुळे खांद्यातलं पाणी काढून तपासायला सांगितलं तर नाही म्हणू नका. मालिशवाल्याकडे अजिबात नेऊ नका.

मेंदूचा खालचा भाग मानेत उतरल्यामुळे पोकळी झाली असेल तर ऑपरेशन करून तिथली जागा मोकळी करतात, त्याने आजार पुढे वाढायचा बऱ्याचदा थांबतो, पण गेलेला गोळा परत येत नाही, आणि असा सांधा बदलला तरी सैल व्हायची भीती जास्त, म्हणून सर्जन सहसा लगेच तयार होत नाहीत. तोपर्यंत हात झोळीत ठेवा, वजन बंद. चालताना तोल जात असेल किंवा लघवीचा त्रास सुरू झाला असेल तर वाट बघू नका, थेट न्यूरोसर्जन गाठा.